यंत्राचा आवाज मोजावा कसा?

धान्याच्या व्यापारात माप म्हणजे काय वस्तू आहे, हे आमच्या मंडळाच्या सभासदांस सांगावयास नको. पोते काट्यावर चढले की प्रथम बारदान वजा होते, नंतर ओल पाहिली जाते, नंतर कचरा; आणि एवढे सोपस्कार झाल्यावर जो आकडा उरतो त्याच्या भरवशावर एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे लाखांचा सौदा करतात. परंतु हाच व्यापारी डाळमिलसाठी मोटार, ब्लोअर किंवा जनरेटर घेण्यास निघाला आणि विक्रेत्याने "याचा आवाज फक्त ८० डेसिबल" असे सांगितले, म्हणजे तो निमूटपणे मान डोलावतो. हे ८० कोणत्या काट्यावरचे, किती अंतरावरचे, बारदान वजा करून की त्यासकट, यांपैकी एकही प्रश्न त्याच्या मुखातून निघत नाही.

एके काळी मिली गावाबाहेर होत्या. आता गावच मिलीपर्यंत चालत आले आहे. आमच्या बेळगावात काय किंवा इंदूर-हैदराबादेकडील आमच्या बांधवांच्या पेठांत काय, शेजाऱ्यांचे तक्रार-अर्ज, अधिकाऱ्यांच्या भेटी आणि कामगारांचे मंदावणारे कान हे तीन विषय आता वारंवार कानी येतात. तेव्हा या विषयाची जी माहिती आम्ही पुस्तकांतून आणि जाणत्या अभियंत्यांस विचारून मिळविली, ती वाचकांपुढे ठेवीत आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते असल्याने शास्त्रीय परिभाषेपेक्षा पेठेची भाषाच येथे अधिक आढळेल.

आवाज म्हणजे हवेच्या दाबात होणारी अतिशय सूक्ष्म व जलद चढउतार. निरोगी कानास जेमतेम ऐकू येणारा दाब २० मायक्रोपास्कल धरतात. आणि कानास वेदना होऊ लागतात तो दाब याच्या सुमारे दहा लक्ष पट असतो. एवढा विस्तार साध्या आकड्यांत मांडणे गैरसोयीचे. म्हणून १९२०च्या दशकात अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांनी घातांकी पद्धतीचे एक एकक प्रचारात आणले. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून त्यास 'बेल' म्हटले, आणि त्याचा दहावा भाग तो डेसिबल. या पट्टीवर ऐकू येण्याचा आरंभ म्हणजे शून्य, आणि वर सांगितलेला दहा लक्ष पट दाब म्हणजे १२०.

या पट्टीची बेरीज मात्र आमच्या खतावणीत बसणारी नाही. ८० डेसिबलची एक मोटार चालू आहे, तिच्या शेजारी तशीच दुसरी सुरू केली, तर एकूण आवाज १६० होत नाही. तो ८३ होतो. दहा मोटारी चालविल्या तर ९०. उलट ९० ची एक आणि ८० ची एक अशा दोन एकत्र चालल्या तर बेरीज ९०.४ भरते, म्हणजे लहान मोटार असून नसल्यासारखी. यातून व्यवहारात फार मोठी गोष्ट निघते. मिलमध्ये पाच यंत्रे असता त्यांतील सर्वांत कर्कश यंत्रास हात न लावता उरलेल्या चारांवर पैसे खर्च केले, तर ते पैसे पाण्यात गेले असे समजावे. सरासरीचेही तसेच. यंत्राच्या चार बाजूंस ८०, ८०, ८० व ९० असे आकडे आले, तर आमचा दिवाणजी साडेब्याऐंशी काढील. परंतु शक्तीच्या हिशेबाने खरी सरासरी ८५ येते. कानास आवाज दुप्पट वाटावयास मात्र सुमारे १० डेसिबलांची वाढ लागते. म्हणूनच ३ डेसिबलांचा फरक ऐकणाऱ्यास क्षुल्लक वाटतो, पण यंत्राकडून पाहिले तर तो दुपटीचा फरक असतो.

आता काट्याकडे वळू. आरंभीचे माप कानानेच घेत असत. जर्मनीत ड्रेस्डेन येथील हाइनरिख बार्कहाउझेन या शास्त्रज्ञाने १९२६ साली एक सुटसुटीत उपकरण बनविले. एका कानाने यंत्राचा आवाज ऐकावयाचा, दुसऱ्या कानाशी टेलिफोनचा श्रवणभाग धरून त्यातील गुणगुण कमीजास्त करीत न्यावयाची, आणि दोन्ही कानांस समान वाटले की पट्टीवरील आकडा वाचावयाचा. एका पारड्यात माल आणि दुसऱ्यात वजन, असा हा तराजूच म्हणावयाचा! आजच्या ध्वनिमापकात कानाची जागा सूक्ष्मग्राही मायक्रोफोनने घेतली आहे. तो दाबाचे विजेत रूपांतर करतो आणि उपकरण आकडा दाखविते. अशा उपकरणांचे दोन वर्ग असतात. पहिला अधिक काटेकोर व महाग, दुसरा सामान्य पाहणीस पुरेसा. कोणत्याही वर्गाचे असो, मोजणीच्या आधी व नंतर त्याची परीक्षा घ्यावीच लागते. त्यासाठी मुठीत मावणारी एक डबी मिळते. ती मायक्रोफोनवर बसविली की १००० हर्ट्झचा बरोबर ९४ डेसिबल आवाज निर्माण करते. वजनमापे निरीक्षकाच्या शिक्क्याचे वजन काट्यावर ठेवून पाहतात, तसेच हे. ही डबी न आणता मोजणीस येणाऱ्या गृहस्थास चहा जरूर पाजावा, परंतु त्याच्या आकड्यावर सही करू नये.

हल्ली खिशातील मोबाइलवर आवाज मोजण्याची सोय झाली आहे. अंदाजासाठी ती उपयोगी आहे, आम्हीही ती वापरतो. परंतु वादाच्या प्रसंगी तिचा आकडा पुरावा म्हणून पुढे करणे म्हणजे मुठीने तूर जोखण्यासारखे होय.

आणखी एक गोष्ट उपकरणावर पाहावी लागते. मनुष्याचा कान सर्व स्वरांस सारखा न्याय देत नाही. मध्यम व उंच स्वर त्यास जोराने ऐकू येतात, खर्जातील स्वर मंद भासतात. अमेरिकेत फ्लेचर व मन्सन या संशोधकांनी १९३३ साली या भेदाचे आलेख प्रसिद्ध केले. त्यांच्या आधारे मापकात 'ए' नावाची चाळणी घालण्यात आली. ती खर्जाचा स्वर मोठ्या प्रमाणात गाळते. १०० हर्ट्झच्या स्वरातून सुमारे १९ डेसिबल वजा करते. कायद्यातील बहुतेक मर्यादा या चाळणीतून घेतलेल्या आकड्यांवर बांधलेल्या आहेत. 'सी' नावाची दुसरी चाळणी खर्जास जवळजवळ तसाच राहू देते. या दोहोंतील भेदाचे महत्त्व पुढे येईल.

बारदानाचा प्रश्न सर्वांत सोपा आणि सर्वांत अधिक दुर्लक्षिला जाणारा. यंत्र चालू नसतानाही जागेत काहीतरी आवाज असतोच. रस्त्यावरील ट्रक, शेजारची चक्की, वाऱ्याने खडखडणारे पत्रे. यंत्र चालू करून मोजावे, मग बंद करून त्याच जागी पुन्हा मोजावे. दोहोंत दहाहून अधिक डेसिबलांचा फरक असेल तर बारदान विसरावे. चालू असता ८४ व बंद असता ८० आले, तर यंत्राचा स्वतःचा आवाज सुमारे ८२ होय. फरक अवघा ३ असेल तर यंत्र आणि परिसर यांचा वाटा अर्धाअर्धा. आणि त्याहून कमी असेल तर त्या वेळची मोजणी सोडून द्यावी व रात्री, पेठ निजल्यावर, पुन्हा यावे.

आता मुख्य गोष्ट. आमच्या एका स्नेह्यांस मिलच्या ब्लोअरसाठी संच घ्यावयाचा होता. दोन विक्रेत्यांकडून दरपत्रके आली. यंत्रे आकाराने व शक्तीने सारखी; एकाने आवाज ८० डेसिबल लिहिला होता, दुसऱ्याने ९२. किंमत दुसऱ्याची थोडी अधिक. ज्याचा आवाज कमी व भावही कमी, ते सोडून दुसरे कोण घेईल? परंतु आमच्या परिचयाचे एक तरुण अभियंते त्या वेळी बैठकीत होते. त्यांनी दोन्ही कागद हाती घेतले व विचारले, "काका, यात एकाने दाब लिहिला आहे आणि दुसऱ्याने शक्ती. क्विंटल आणि पोती यांची तुलना तुम्ही कशी करता?"

हा भेद आमच्या सभासदांनी मनात पक्का करून ठेवावा अशी आमची विनंती आहे. विजेच्या दिव्यावर १०० वॅट लिहिलेले असते. ते दिव्याचे स्वतःचे बळ. खतावणीच्या पानावर प्रकाश किती पडतो हे मात्र दिवा किती दूर आहे आणि भिंती पांढऱ्या आहेत की काळ्या, यांवर अवलंबून राहते. ध्वनिशक्ती ही दिव्याच्या वॅटसारखी, यंत्राची स्वतःची. ध्वनिदाब हा पानावरील प्रकाशासारखा, अमुक जागेचा. दोन्हींस डेसिबलच म्हणतात, आणि घोटाळा तेथेच होतो.

दाबावरून शक्ती काढण्याची रीत अशी. यंत्राभोवती सर्व बाजूंनी एक मीटर अंतर सोडून एक काल्पनिक पेटी कल्पावी. तिच्या चारही बाजूंस आणि वरच्या पृष्ठावर ठरावीक ठिकाणी मापक धरून आकडे घ्यावेत. पोत्याच्या एकाच कोपऱ्यातील मूठभर दाणे पाहून कोणी माल पसंत करीत नाही, तसेच हे. आकड्यांची शक्तीच्या हिशेबाने सरासरी काढावी, आणि त्या पेटीचे क्षेत्रफळ जितके चौरस मीटर असेल त्याच्या लॉगॅरिथमची दहापट तीत मिळवावी. आमच्या स्नेह्यांचे यंत्र एक मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व ८० सेंटिमीटर उंच होते. भोवतालची पेटी तीन मीटर लांब, २.६ मीटर रुंद व १.८ मीटर उंच झाली. तळ जमिनीवर असल्याने तो धरावयाचा नाही. उरलेले क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर, आणि मिळवणी साडेचौदा डेसिबलांची. म्हणजे ज्याने दाब ८० लिहिला होता त्याच्या यंत्राची शक्ती साडेचौऱ्याण्णव निघाली. ज्याने ९२ लिहून सर्वांस घाबरविले होते, त्याचेच यंत्र अडीच डेसिबलांनी शांत! ज्या विक्रेत्याने प्रामाणिकपणे शक्ती लिहिली तो सौद्यातून बाद होण्याच्या बेतात होता. स्नेह्यांनी अखेर त्याचेच यंत्र घेतले. जाता जाता सांगतो की ९४.५ डेसिबल शक्ती म्हणजे एका वॅटचे हजार भाग केले तर त्यांतील जेमतेम तीन. कित्येक अश्वशक्तीचे यंत्र, पण आवाजात जाणारी शक्ती एवढीशी; आणि तेवढीही माणसास सोसवत नाही.

या रीतीचे नियम आंतरराष्ट्रीय मानकांत दिलेले आहेत. फिरत्या विद्युत् यंत्रांसाठी आय.एस.ओ. १६८० आहे, आणि मर्यादांसाठी आय.ई.सी. ६००३४ याचा नववा भाग. आपल्याकडे याच विषयावर आय.एस. १२०६५ हे मानक आहे. मोटारींच्या पुस्तिकेतील आकडा बहुधा भार नसताना घेतलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे. तीच मोटार भाराखाली काही डेसिबलांनी अधिक ओरडते, आणि वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणावर चालविली तर तिला एक किणकिणणारा स्वर चिकटतो.

जागेचा परिणामही थोडक्यात सांगू. मोकळ्या मैदानात, यंत्राच्या अगदी जवळचा भाग सोडून, अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलांनी उतरतो. बंद इमारतीत असे होत नाही. सिमेंटच्या भिंती आवाज परत फेकतात, आणि काही अंतरानंतर कितीही दूर गेले तरी आकडा हालत नाही. रिकामी वखार कशी घुमते आणि पोत्यांनी भरली की कशी मुकी होते, हे आपण सर्वांनी अनुभवलेच आहे. म्हणून एकाच यंत्राचा दाब हंगामाच्या आरंभी व अखेरीस निरनिराळा भरल्यास नवल मानू नये. प्रयोगशाळांत यासाठी दोन टोकांच्या खोल्या बांधतात. एकीच्या भिंतींस आवाज शोषणाऱ्या पाचरी बसविलेल्या असतात, दुसरीच्या भिंती मुद्दाम गुळगुळीत व कठीण ठेवतात. दोन मायक्रोफोन जवळजवळ बसवून आवाज कोणत्या दिशेने वाहतो तेही मोजण्याची एक रीत आहे. तिच्या योगाने इतर यंत्रे चालू असतानाही एकट्या यंत्राची शक्ती काढता येते. तथापि तिला कसलेला माणूस लागतो.

आकडा मिळाला, परंतु आवाज येतो कोठून? विद्युत् मोटारीत त्याची तीन उगमस्थाने असतात : चुंबकीय ओढाताण, बेअरिंगसारखे फिरते भाग, आणि थंड करणारा पंखा. यांतील पहिले ओळखण्याची एक युक्ती आम्हांस फार आवडली, कारण तीस उपकरणच लागत नाही. मोटार पूर्ण वेगाने चालू असता वीज तोडावी व कान देऊन ऐकावे. जो आवाज त्याच क्षणी नाहीसा झाला तो चुंबकाचा. जो वेगाबरोबर हळूहळू विरत गेला तो पंख्याचा किंवा बेअरिंगचा. उपकरण असेल तर स्वरांचे पृथक्करण करता येते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चुंबकाचा मुख्य स्वर १०० हर्ट्झवर दिसतो; १४५० फेरे घेणाऱ्या मोटारीचा तोल बिघडला असेल तर खूण सुमारे २४ हर्ट्झवर उमटते. पंख्याचा वेग दुप्पट केला की त्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलांनी चढतो. म्हणून २९०० फेऱ्यांच्या लहान पंख्याऐवजी १४५० फेऱ्यांचा मोठा पंखा बसविणे हा पुष्कळदा भिंती बांधण्याहून स्वस्त उपाय ठरतो.

येथवर यंत्राची गोष्ट झाली. परंतु यंत्राशेजारी दिवसभर उभा राहणारा माणूस आहे, त्याचे माप निराळे. आमच्या माहितीच्या एका मिलमध्ये तीस वर्षे काढलेला मिस्त्री आहे. आवाजाविषयी विचारले तर तो हसून म्हणे, "अण्णा, सवय झाली की काही वाटत नाही बघा." त्यास पुन्हा दोनदा मोठ्याने विचारावे लागे, तेव्हा कोठे उत्तर मिळे. ही सवय नव्हे, हा बहिरेपणा. कानाच्या आतील सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपासचे श्रवण जाते. आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत, आणि नातवंडांचे बोलणे सर्वांत आधी हरवते. अशा कामगाराचे माप घेण्यासाठी खांद्यावर लावण्याचा लहानसा मापक असतो. तो दिवसभराचा आवाज साठवून एकच आकडा देतो. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमावल्यांत आठ तासांस ९० डेसिबल ही मर्यादा दीर्घकाळ धरली गेली आहे, आणि दर ५ डेसिबलांस वेळ निम्मा. अमेरिकेच्या 'नायॉश' या संस्थेची शिफारस मात्र आठ तासांस ८५ व दर ३ डेसिबलांस वेळ निम्मा अशी, पुष्कळच कडक आहे. आमच्या मते व्यापाऱ्याने दुसरीच धरावी, कारण पहिलीत कायदा राखला जाईल, पण कान राखला जाईलच असे नाही. उपकरण हाताशी नसेल तर एक ढोबळ कसोटी : हातभर अंतरावरील माणसाशी बोलताना स्वर चढवावा लागत असेल तर तेथे ८५ ओलांडले असे समजावे.

शेजाऱ्याचे माप तिसरेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा ६५ व रात्री ५५, निवासी भागात ५५ व ४५ अशा मर्यादा आहेत. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मर्यादेहून १० किंवा अधिक डेसिबल आवाज झाल्यास नागरिकास तक्रार करता येते. १००० के.व्ही.ए. पर्यंतच्या डिझेल जनरेटरास, तो १ जानेवारी २००५ नंतर बनलेला असल्यास, आवरणापासून एक मीटरवर ७५ ची मर्यादा आहे. त्याचे प्रमाणपत्र नेमलेल्या संस्थांकडून घ्यावे लागते, पुण्याची ए.आर.ए.आय. ही त्यांपैकी एक.

ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत मात्र आम्हांस शेजाऱ्याची बाजू घ्यावीशी वाटते. त्याच्या गाभ्याचा पोलाद चुंबकत्वाने सेकंदास शंभर वेळा किंचित लांबतो व आखडतो, आणि त्यामुळे १०० हर्ट्झचा तो अखंड घूं-घूं निघतो. मानकानुसार तो जवळून, ३० सेंटिमीटरवर मोजतात. पंखे चालू असतील तर दोन मीटरवर. परंतु 'ए' चाळणीने या स्वराचे १९ डेसिबल आधीच गाळलेले असतात. अधिकारी आकडा पाहून "मर्यादेत आहे" म्हणतात, आणि भिंतीपलीकडील म्हातारीस झोप येत नाही. अशा वेळी 'सी' चाळणीनेही मोजून पाहावे. दोन आकड्यांत १५ ते २० डेसिबलांचे अंतर पडले तर म्हातारीचे म्हणणे खरे आहे असे धरून यंत्राखाली रबरी बैठका घालण्याचा खर्च मुकाट्याने करावा.

खरेदीपत्रात काय लिहावे, एवढे सांगणे उरले. आवाजाचा आकडा दाबाचा की शक्तीचा, दाबाचा असल्यास किती अंतरावरचा, 'ए' चाळणीतून घेतलेला की कसा, भाराखाली की भाराविना, कोणत्या मानकाप्रमाणे, आणि मोजणीच्या वेळी यंत्र बंद असता किती आवाज होता. या गोष्टी दोन ओळींत मावतात. आमच्या त्या स्नेह्यांनी पुढील खरेदीत आणखी एक ओळ घातली, ती अशी की शेवटचा हप्ता मिलमध्ये यंत्र बसवून आवाज मोजल्यानंतर दिला जाईल. विक्रेत्याने ती प्रथम नाकारली व आठ दिवसांनी मान्य केली.